बातम्या संपायच्या तेव्हा

राखी पौर्णिमेच्या संध्याकाळी, म्हणजे ९ ऑगस्ट २०२५ ला, पावणेसातच्या सुमारास आमच्याकडची लाईट गेली. पाऊस दुपारपासून लागून राहिला होता. सकाळी राख्या झाल्या, दुपारी नारळीभात झाला, पाहुणे लोकलनं पुण्याला परतले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून रात्रीच्या बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. टीव्ही विझला तशी घरात इतकी शांतता पसरली की पागोळ्यांचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला.

"गेली का गं?"

"गेली, आई. येईल."

"सातच्या आत यायला हवी."

आईंना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर आला. पलंग, खुर्ची, न्हाणीघर आणि गॅलरी, एवढ्यातच त्यांचा दिवस जातो. मी सत्तावीस वर्षं तळेगावहून पुण्याला लोकलनं नोकरीला जाते आहे. एक बाई दिवसभर घरात असते आणि तिला टीव्ही लागतो. दुसरी दिवसभर बाहेर असते आणि घरी आल्यावर तिला टीव्ही नकोसा होतो. यावरून आमची कुरबूर जुनीच. पण १५ जूनपासून तिच्यात दुसरंच काहीतरी मिसळलं होतं आणि दोघींनीही ते तोंडावर आणलं नव्हतं.

मी पाट ओढून गॅलरीच्या दाराशी, उजेडाला बसले. वालाचं पातेलं दोघींच्या मध्ये घेतलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साल सैल होते. चिमटीत धरून जरा दाबलं की आतली डाळिंबी सुटून येते. हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

"आई, एक सांगू? रागावू नका. लाईट आली तरी आज टीव्ही लावू नका. एकच संध्याकाळ."

"सण आहे म्हणून?"

"सणासाठी नाही. मला त्या आवाजाचा त्रास होतो. तासभर गाडीत उभं राहून मी येते, जिना चढते, तर दाराबाहेरच कुणीतरी ओरडताना ऐकू येतं. चार चौकटींत चार माणसं एकाच वेळी बोलतात, खाली पट्टी पळते ती वेगळंच सांगते. जेवायला बसलो तरी सगळ्यांच्या माना तिकडे. परवा मी भाजीत मीठच घातलं नव्हतं, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"माझ्या आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"दमून आली होतीस." आईंनी एक डाळिंबी ताटात टाकली. "तुझं ऐकलं. आता माझं ऐक. सकाळी साडेसातला तू जातेस. आठला हा जातो. नऊला नातू कॉलेजात. त्यानंतर संध्याकाळी सातपर्यंत या घरात आवाज कुणाचा असतो, सांग बरं."

मला उत्तर सुचलं नाही. सत्तावीस वर्षांत मी हे घर दुपारी दोन वाजता फार तर सुट्टीच्या दिवशी ऐकलेलं आहे.

"आवाजाचंच म्हणशील तर," आई म्हणाल्या, "तुझ्या बायकांच्या डब्यात काय कमी आवाज असतो? पण तो तुला चालतो, कारण त्यात तुझी माणसं असतात. माझं तसंच आहे. त्या मालिकांमधल्या सासवा मला नाही आवडत. म्हणून तर मी मालिका सोडून बातम्यांवर आले. निदान ती खरी माणसं असतात."

"खरी असतात, पण दाखवतात कशी ते बघा ना. पूर्वी असं होतं का? तुम्हीच सांगता की वाड्यात एकच टीव्ही होता."

आईंचा चेहरा जरा मोकळा झाला. मला वाटतं, मी हा विषय त्याचसाठी काढला होता.

"होता ना. मुंबई दूरदर्शन निघालं १९७२ ला, २ ऑक्टोबरला. पण आपल्याकडे घाट आडवा, मुंबईचं कसलं दिसतंय. पुढे सिंहगडावर मनोरा झाला तेव्हा दिसायला लागलं. अँटेना सिंहगडाकडे तोंड करून लावायची. वारा आला की फिरायची. मग एक पोरगा कौलांवर, एक अंगणात, एक टीव्हीपाशी. 'आलं, आलं, गेलं!' आम्ही बायका स्वयंपाक उरकून पदराला हात पुसत बसायचो. सातच्या बातम्या. प्रदीप भिडे वाचायचे. काय स्वच्छ वाचायचे! आवाज चढवायचे नाहीत कधी. भूकंप असो नाहीतर निवडणूक, एकाच सुरात. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस घाबरलेला नाही, तर आपण कशाला घाबरायचं."

"आणि संपायच्या."

"काय?"

"बातम्या संपायच्या, आई. थोडा वेळ चालायच्या, मग 'नमस्कार' आणि संपल्या. तुम्ही उठायचात, कुकर लावायचात. झाल्या गोष्टीवर विचार करायला रात्र मिळायची. आता त्या संपतच नाहीत. संपल्या नाहीत तर माणसानं उठायचं कधी?"

आईंनी यावर थोडा वेळ काही म्हटलं नाही. पातेल्यातलं पाणी गार झालं होतं. मी आत जाऊन तांब्याभर गरम पाणी आणून ओतलं.

"हे तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उठायची वेळ कळत नाही हे खरं. पण तू पूर्वीचं म्हणतेस, तर पूर्वीचं सगळंच सांगते. आकाशानंदांचा ज्ञानदीप लागायचा. साधा कार्यक्रम. कुणी वाचायला शिकलं, कुणी गावात विहीर साफ केली, असलं. लोक पत्रं पाठवायचे. तो बघून गावोगाव ज्ञानदीप मंडळं निघाली होती. आपल्या आळीत बायकांनी मंडळबिंडळ काढलं नाही, पण कोपऱ्यावरच्या खांबाला दिवा हवा म्हणून आम्ही सात जणींनी सह्या करून अर्ज दिला. त्यातल्या तिघींनी तेव्हा आयुष्यात पहिली सही केली. ते टीव्ही बघूनच सुचलं. म्हणून टीव्हीनं माणूस बसून राहतो असं मला सरसकट म्हणू नकोस."

ही अर्जाची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. तीस वर्षं मी या घरात आहे.

"दिवा लागला का?"

"दीड वर्षानं. आणि रामायण सुरू झालं, १९८७ च्या जानेवारीत, तेव्हा रविवारी सकाळी वाड्यात शंभर चपला असायच्या. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं तीही माणसं शेजारी बसायची. लॉकडाऊनमध्ये तेच रामायण परत लावलं, तर मी एकटी, आणि तुम्ही आपापल्या खोलीत मोबाइल घेऊन. टीव्ही तोच होता गं. बघणारी माणसं पांगली."

मी मनात म्हटलं, हे खरं आहे, पण अर्धं. पांगायला लावणारी गोष्टही त्या काचेतूनच आली आणि मोबाइल हा तिचा धाकटा भाऊ. ते बोलून दाखवलं तर वाद तिथेच फिरत राहिला असता. मला दुसरीकडे जायचं होतं.

"मला सगळ्यात राग येतो तो आपल्या भागाचा, आई. बाराही महिने मी गाडीच्या खिडकीतून बघते. घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड. घोरावडेश्वराचा डोंगर उन्हाळ्यात कसा भाजलेला असतो, पहिल्या पावसानंतर चार दिवसांत कसा पोपटी होतो. मावळात भाताची लावणी कधी लागते हे मला कॅलेंडर न बघता कळतं. हे काही टीव्हीवर येत नाही. टीव्हीवर मावळ येतं ते दोनदाच. एकदा जून-जुलैत, 'चला लोणावळ्याला', धबधबे, भुशी धरण, कणसं. आणि दुसऱ्यांदा कुणी बुडालं की. एकदा आमंत्रण आणि एकदा सांत्वन. मधले दहा महिने आम्ही कुठे असतो?"

"मावळ बघायला लोकांनी येऊ नये का मग? आम्ही काय मावळ विकत घेतलंय?"

"यावं की. पण कसं यावं? रविवारी सकाळी लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मळवलीला अर्धी गाडी रिकामी होते. त्यातल्या किती जणांना भाजे लेणी दोन हजार वर्षांची आहेत हे ठाऊक असतं? रीलमध्ये दिसलेला धबधबा कुठे एवढंच विचारतात. आपल्या तळेगावात गोनीदा राहिले. सगळा सह्याद्री पायी तुडवला. त्यांनी राजमाची दाखवली ती अशी दाखवली का?"

"गोनीदांना मी रस्त्यानं जाताना कितीदा पाहिलंय," आई म्हणाल्या. "पण मला सांग, त्यांचा 'माचीवरला बुधा' वाचून राजमाचीला किती लोक गेले असतील? पिढ्यान्‌ पिढ्या. पुस्तक वाचून गेला तो जाणकार आणि रील बघून गेला तो अडाणी, असं कसं म्हणशील? दोघांनाही कुणीतरी दाखवलं म्हणूनच तर ते गेले."

"पुस्तकाला चार संध्याकाळी लागतात. चार संध्याकाळी बुधाबरोबर राहिलेला माणूस माचीवर गेला की हळू बोलतो. पंधरा सेकंदांत त्याला हळू बोलायला कोण शिकवणार?"

"हं." आईंनी मान डोलावली. पटल्यावर त्या 'हं' म्हणतात आणि पुढच्या वाक्याला तयारी करतात. "पण ज्याच्याकडे चार संध्याकाळी नाहीत त्यानं काय करायचं? चाकणच्या कारखान्यात सहा दिवस पाळी करणारा पोरगा एका रविवारी बायकोला घेऊन भिजायला येतो. त्याला तू आधी पुस्तक वाच म्हणणार का? मलाच बघ. मी राजमाचीला कधी गेले नाही. आता जाणारही नाही. गेल्या वर्षी टीव्हीवर वरनं काढलेलं चित्र दाखवलं, श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले ढगातनं वर आलेले. मी टीव्हीला हात जोडले. तुला ते खोटं वाटत असेल. माझी यात्रा ती."

आता उजेड बराच कमी झाला होता. मी मेणबत्ती लावली. खाली कुणीतरी स्कूटर ढकलत पाण्यातून चाललं होतं.

"खोटं नाही वाटत," मी म्हटलं. "पण त्याच टीव्हीनं गेल्या वर्षी ३० जूनला काय दाखवलं? भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली ती माणसं एकमेकांना घट्ट धरून उभी होती. लेकरं मध्ये. मग पाण्याचा लोंढा. पाच माणसं गेली. ते काही सेकंद त्या रात्री कितीदा दाखवले? मी मोजायला लागले होते, मग मला मोजण्याचीच लाज वाटली. त्यांच्या घरच्यांनीसुद्धा ते कुठेतरी बसून पाहिलं असेल, आई. पुन्हा पुन्हा."

"पाहिलं असेल." त्यांचा आवाज खाली आला. "मीही बंद केला होता तेव्हा. तू तोवर उठून गेली होतीस, तुला माहीत नाही. पण एकदा तरी दाखवायलाच हवं, यावर मी ठाम आहे. आज तारीख काय?"

"नऊ."

"९ ऑगस्ट. २०११ ला याच दिवशी बऊरला गोळीबार झाला. पवनेचं पाणी बंद नळानं पिंपरी-चिंचवडला न्यायचं होतं, शेतकरी एक्स्प्रेसवेवर उतरले होते. तीन माणसं गेली. त्यात एक बाई. त्या दिवशी संध्याकाळी जे सांगितलं जात होतं ते एक होतं आणि कॅमेऱ्यानं दाखवलं ते दुसरं होतं. पोलीस गोळ्या झाडताना दिसले, लोकांच्या गाड्या फोडताना दिसले. कॅमेरा नसता तर काय झालं असतं? कागदावर एक ओळ. मावळातली बाई गेली काय आणि राहिली काय, मुंबईत कोण विचारतंय? तिला त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं."

या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी दुसरं उदाहरण काढलं ते त्याला छेद द्यायला नव्हे. माझ्या मनातली टोचणी वेगळी होती.

"तो दिवस कॅमेऱ्याचा होता, मान्य. पण सप्टेंबर २०२२ आठवा. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टरचा प्रकल्प तळेगावला यायचा तो गुजरातला गेला. एक लाख ५४ हजार कोटी, एक लाख ५४ हजार कोटी, आठ दिवस तेवढंच. तळेगावचं नाव इतक्या वेळा घेतलं, पण तळेगावचा माणूस किती दिसला? पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेरच पडलं. ती बातमी कुणी एवढ्या आवाजात सांगितली का? आणि इथलाच मोटारींचा कारखाना, जनरल मोटर्सचा, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं. इतक्या घरांतली चूल त्यावर होती. माझ्या डब्यातल्या दोघींचे नवरे तिथे होते. त्यांनी पुढे काय केलं, कुठे कामं शोधली, हे मला गाडीत कळलं, भाजी निवडताना. टीव्हीला फुटलेलं तेवढं दिसतं. मुरतं ते दिसत नाही."

"म्हणजे तुला दिसतं."

"गाडीत बसते म्हणून दिसतं."

आईंनी हात थांबवले. पातेल्यात बोटं तशीच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"मग कुंडमळ्याचा पूल तुला दिसला होता ना?"

दोन महिने जे टाळलं होतं ते असं समोर आलं.

१५ जूनचा रविवार. इंद्रायणीवरचा, शेलारवाडी आणि कुंडमळा जोडणारा जुना लोखंडी पूल दुपारी साडेतीनच्या सुमारास माणसांसकट खाली गेला. चार जण दगावले, पन्नासच्या वर जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून ठाऊक होतं, नवा मंजूर झाला होता, काम उभं राहिलं नव्हतं. आमचा धाकटा दोन वाजता मित्राच्या बाईकवर बसून 'इंदोरीकडे चाललोय' एवढंच सांगून गेला होता. चार वाजता टीव्हीवर लाल पट्टी आली. त्याचा फोन लागेना.

मी किल्ली उचलली आणि स्कूटर काढली. आई खुर्चीतून हलल्या नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवला. दारातून निघताना मी त्यांना म्हटलं, "तुम्ही बघत बसा." हे वाक्य मी त्यांना त्याआधी किंवा नंतर कधी म्हटलेलं नाही. त्या वेळी जे म्हटलं ते त्या आवाजात होतं ज्या आवाजात सुनेनं सासूशी बोलू नये आणि कुणीच कुणाशी बोलू नये.

"दिसला होता," मी म्हटलं. "दोनदा गेले होते त्या पुलावरून. मार्चमध्ये मैत्रिणींबरोबर गेले तेव्हाची पाटी आठवते. गंजलेलं लोखंड आठवतं. एका बाजूनं दुचाकी आली तर दुसऱ्या माणसानं कठड्याला चिकटायचं, एवढा अरुंद. मी म्हटलं सुद्धा, हा एक दिवस पडणार."

"कुणाला म्हटलंस?"

"मैत्रिणीला."

"मग?"

"मग आम्ही फोटो काढले आणि घरी आलो."

बराच वेळ फक्त पाऊस पडत राहिला.

"मी तुला दोष देत नाही गं," आई म्हणाल्या. "सगळी इंदोरी रोज बघत होती तो पूल. पण डोळ्यांनी बघितलं म्हणजे झालं, असं तू जे धरून बसली आहेस ना, तेवढं सोड. आम्ही सात जणींनी खांबाच्या दिव्यासाठी अर्ज दिला तो टीव्ही बघून. तू पूल बघितलास आणि आलीस. बघण्याचं एवढं कौतुक नको, ना माझ्या ना तुझ्या."

"आणि त्या दिवशी मी तिकडे धावले तेही चुकलंच," मी म्हटलं. हे मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. "इंदोरीच्या रस्त्याला मला पुढे जाताच येईना. माझ्यासारखे शेकडो. कुणाची मुलं, कुणाचे भाऊ आणि कितीतरी नुसते बघायला आलेले. मागून ॲम्ब्युलन्स वाजत होती आणि तिला वाट द्यायला माझी स्कूटर बाजूला घेता येत नव्हती. एक पोलीस माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाला, 'ताई, घरी जा, तुम्ही इथे असाल तर आतली माणसं बाहेर येणार नाहीत.' मी वळले. रडत आले घरापर्यंत. आणि घरी आले तर तुम्ही म्हणालात, तो भंडाऱ्याच्या डोंगरावर आहे, बॅटरी संपलीये, येईल सातपर्यंत. मी विचारलंच नाही तुम्हाला कसं कळलं. मला इतका राग आला होता की विचारलं नाही."

"तुला मी टीव्ही बघत बसलेली दिसले."

"हो."

"अगं, माझं माहेर इंदोरी." त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या. "मी बातमी नव्हते बघत. मी जागा बघत होते. तो काळा खडक दिसला, त्याच्यामागची बाभूळ दिसली, की कॅमेरा कुठे उभा आहे ते मला कळत होतं. नदीच्या कुठल्या अंगाला माणसं काढतात, कुठल्या अंगाला कुणी नाही, ते कळत होतं. मग मी भाच्याला फोन लावला. त्याला सांगितलं, तू वरच्या अंगाला उभा आहेस, खाली कुंडांकडे बघ, निळा शर्ट घातलेला आपला पोरगा आहे का. तो उतरून बघून आला. नाही म्हणाला. मग भंडाऱ्यावर देवळात त्याच्या ओळखीचा एक जण असतो, त्याला त्यानं विचारलं. तिथे सापडला. सुदुंबऱ्याहून एनडीआरएफचे जवान आले तेसुद्धा मी आधी पाहिलं, भाच्याला म्हटलं, आता तू बाजूला हो, त्यांना काम करू दे."

मी वाल सोलायचं थांबवलं होतं. सत्तावीस वर्षं खिडकीतून मावळ बघणारी मी, आणि खुर्चीत बसलेल्या या बाईनं त्या काचेतून नदीचा काठ न काठ ओळखला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मग रात्री एकपर्यंत का बघत होतात?" मी हळू विचारलं. "तो घरी आला होता. तुमच्या मागे बसून तोही बघत होता. जेवला नाही. त्यानं मोबाइल उघडून मला फोटो दाखवला, आधीच्या रविवारचा, त्याच पुलावर मधोमध उभा. त्यानंतर आठ दिवस तो झोपेतून दचकून उठायचा. ते तुम्ही थांबवायला हवं होतं, आई. टीव्ही बंद करायला हवा होता. एवढं एक मला तुमचं लागलं."

आई काही बोलल्या नाहीत. मेणबत्तीच्या उजेडात त्यांचे हात पाण्यात पांढरे दिसत होते.

"ते चुकलं," त्या म्हणाल्या. "मला पोरगा मागे बसलाय हे दिसलंच नाही. मी इंदोरीची माणसं शोधत होते. उठायची वेळ कळली नाही."

त्यानंतर आम्ही वेगळंच बोललो. तिसऱ्याच दिवशी, १८ जूनला, देहूतून तुकोबांची पालखी निघाली आणि सगळे कॅमेरे त्याच नदीच्या काठानं तिकडे वळले, याचं मला वाईट वाटलं होतं. आईंना वाटलं नव्हतं. इंदोरीचे वारकरीही निघालेच की, त्या म्हणाल्या, दुखवट्यातल्या घरचेसुद्धा. यावर आमचं एकमत झालं नाही.

"कुंडमळा पूर्वी कसा होता?" मी विचारलं.

"पूल नव्हता. मी लग्न होऊन तळेगावात आले त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला तो. आम्ही दगडांवरनं जायचो, तेही दिवाळीनंतर पाणी उतरल्यावर. पावसाळ्यात आजी त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. नदीला नमस्कार लांबून करायचा म्हणायची. तिथल्या खडकात रांजण आहेत. निघोजला कुकडीत आहेत ना, तसे. ते कसे झाले माहितीये?"

त्यांनी पातेल्यातली सालं बाजूला केली, एक डाळिंबी पाण्यात राहू दिली आणि दोन्ही हातांनी पातेलं धरून गोल गोल फिरवलं. डाळिंबी कडेनं गरगर फिरायला लागली, तळाशी घासत.

"असा गोटा अडकतो खळग्यात. पाणी त्याला फिरवतं. तो खडक खातो. हजारो वर्षं. शेवटी गोटा संपतो आणि रांजण राहतो. वरनं पाणी शांत दिसतं, पण आत माणूस गेला की त्या भोवऱ्यातनं येत नाही. आम्हाला हे सहाव्या वर्षी माहीत होतं. रविवारी येणाऱ्यांना कोण सांगणार? पाटी वाचून कळतं का हे?"

"तुम्ही सांगा ना. नातवाच्या मोबाइलवर. त्याला म्हणावं, आजीचं रेकॉर्ड कर, असंच पातेलं फिरवून."

"मी? मोबाइलमध्ये?"

"रील म्हणून टाकू दे त्याला. पंधरा सेकंदांचं नको. पुरतं."

आईंनी डाळिंबी पाण्यातून उचलून ताटात टाकली. त्यांना ते एकदम मोडून काढावंसं वाटलं नाही, एवढं मला दिसलं.

"आधी मला तिथे ने," त्या म्हणाल्या. "बोलायचं तर जागा बघून बोलीन. टीव्हीत बघितलेलं नको. रविवारी नको. पाणी उतरल्यावर."

मी उठून मेणबत्ती घेऊन कालनिर्णयापाशी गेले. डिसेंबरचं पान काढलं. दहा तारखेला बुधवार होता.

"बुधवार चालेल? रिक्षा खालपर्यंत जाईल. पुढे वॉकर जाणार नाही, खडक आहेत. प्लास्टिकची खुर्ची घेऊ, दोघं मिळून उचलू."

"तुला रजा मिळेल?"

"टाकते सोमवारीच."

"आणि खुर्चीला हात असलेली घे. काठावरनं वाकून बघायचंय मला."

मी दहा तारखेभोवती गोल केला. मी आत स्वयंपाकघरात फोडणीचं साहित्य काढत असताना आईंनी हाक मारली, आमसुलं जास्त नको टाकूस, परवा आंबट झालं होतं.